बालमंदिराचे इन्स्पेक्टरसाहेब

आमच्या कारखान्यात शिक्षेचे प्रकार ठरलेले होते. लहान गुन्ह्याला मेमो, मध्यम गुन्ह्याला बदली, मोठ्या गुन्ह्याला चौकशी समिती, आणि चौकशी समितीत सापडलेल्या फारच मोठ्या गुन्ह्याला बढती. पण ज्या माणसाचा गुन्हा यांपैकी कशातच बसेना, त्याच्यासाठी प्रशासनाला डोकं चालवावं लागलं, आणि त्यांनी त्याला टाउनशिपच्या बालमंदिरात पाठवून दिलं. मी तिथेच शिक्षिका होते. आपण ज्याला करिअर समजत होतो ती कारखान्याच्या हिशेबी काळ्या पाण्याची शिक्षा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांचा गुन्हा सांगते. तीस वर्षं ते कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला भाग मापात आहे की नाही हे बघायचं आणि सही करायची, एवढंच काम. एकदा तिमाही संपत आलेली, माल ट्रकवर चढलेला, ट्रकला झेंडूचे हार घातलेले, मोठ्या साहेबांच्या हातात नारळ. हे गृहस्थ ट्रकवर चढले, खिशातून व्हर्नियर काढला, म्हणजे ती बारीक माप घेणारी स्टीलची पट्टी, आणि माप घेऊन खडूनं लिहिलं, रिजेक्ट. मोठे साहेब म्हणाले, अहो, केसभराचा तर फरक आहे. त्यावर यांनी शांतपणे विचारलं, "कोणाच्या केसाएवढा? केस तर माणसागणिक वेगळा असते."

माल उतरवला, दुरुस्त केला, आठ दिवस उशिरा गेला. माप बरोबर घेतलं म्हणून शिक्षा करता येईना, आणि मोठ्या साहेबांना नारळ घेऊन घरी जावं लागलं म्हणून सोडताही येईना. मग 'प्रशासकीय सोयीसाठी' बालमंदिरात पर्यवेक्षक असं एक पद नव्यानं तयार झालं.

आमचं बालमंदिर म्हणजे टाउनशिपच्या टोकाला, शेजारच्या सोनागिरी वस्तीतल्या दुकानांकडे पाठ करून उभ्या असलेल्या तीन खोल्या, एक व्हरांडा आणि कडुनिंबाखालचं अंगण. मुलं कामगारांची, कारकुनांची, इंजिनिअरांची. सगळ्यांची मिळून भाषा हिंदी. मी लग्न होऊन पुण्याहून भोपाळला आलेली. बालशिक्षणाची पदविका, तीही पहिल्या वर्गात. ही गोष्ट मी आल्यापासून आठवड्याभरात आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराला कळवली होती. दूधवाल्यालाही.

पहिल्या दिवशी ते सकाळी भोंग्याला हजर झाले. पायात कारखान्याचे बूट, हातात डबा, शर्टाच्या खिशात व्हर्नियर. नागपूरकडचे, मराठीच, पण भोपाळच्या पाण्यात मुरलेले. मी नमस्कार केला. त्यांनी केला न केला, आणि भिंतीला टेकून जमिनीवर उकिडवे बसले. अर्धा तास बसून राहिले. मला वाटलं, माणसाला धक्का बसलाय. शेवटी त्यांनी मी भिंतीवर लावलेल्या तक्त्यांकडे बोट दाखवून हे कोणासाठी आहेत असं विचारलं. मी म्हटलं, मुलांसाठी. ते म्हणाले, "मग इतके वर कशाले टांगून राहिल्या? इथून तर खिळा दिसते फक्त."

मी अपमान गिळून तक्ते खाली घेतले. तेवढ्यानं भागलं नाही. त्यातला एक तक्ता होता ऋ ऋषीचा. त्यांनी वर्गातल्या मुलांना एकेक करून विचारलं, ऋषी पाहिलाय का? कुणीच पाहिलेला नव्हता. मी समजावलं की तक्त्यावरून अक्षराची ओळख होते. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणजे पोराले ऋषी माहीत नाही आणि ऋ पण माहीत नाही. अन् तुम्ही एकानं दुसरं शिकवून राहिल्या."

दुसऱ्या दिवशी मी आले तर माझे सगळे तक्ते जमिनीवर पालथे पसरलेले, आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर पोरं गेरूनं रेघोट्या मारतायत. रंगीत शाईनं दोन महिने खपून केलेले तक्ते. घरी जाऊन मी रडले. नवरा म्हणाला, त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं आहेत, सहन कर. सरकारी कारखान्यात कुठल्याही संकटावर हाच उपाय सांगायची पद्धत होती.

खेळ हा शब्द ते वापरत नसत. मुलं काम करतात, असं ते म्हणत, आणि गंमत म्हणून नाही. वाळूच्या हौद्याशेजारी त्यांनी कारखान्यातून आणलेली पत्र्याची पाटी लावली होती: 'सावधान, कार्य प्रगति पर है'. बाहेरचा कुणी आत घुसून मुलांशी लाडं लाडं बोलायला लागला की ते पाटीकडे बोट दाखवत. मुलं त्यांना चाचा म्हणत, पण स्वतः ते मुलांशी कधी गोड आवाजात बोलले नाहीत. शेजारच्या मशीनवरच्या मिस्त्रीशी बोलावं तसं बोलत. कुणी रडत आलं तर खाली बसून विचारत, "क्या प्रॉब्लम है?" आणि उत्तर येईपर्यंत थांबत. मला ते थांबणं असह्य व्हायचं. तीन वर्षांचं पोर, त्याला कुठला प्रॉब्लम सांगता येणार? पण पोर हुंदके देत, आठवत, चाचरत सांगायचं. मग ते म्हणत, "अच्छा. अब?" आणि पुन्हा थांबत. शाब्बास तर त्यांच्या तोंडून मी ऐकलंच नाही. कुणी काही करून दाखवलं की "और देखो" एवढंच.

एकदा फावड्यावरून दोन मुलांची जुंपली. मी धावले, तर त्यांनी मला हातानं अडवलं आणि घड्याळ काढून बसले. मुलांनी ओढाताण केली, एकमेकांना ढकललं, मग कुणी खणायचं आणि कुणी भरायचं ते आपापसात ठरवलं. इन्स्पेक्टरसाहेब घड्याळ खिशात टाकत म्हणाले, सात मिनिटं, मागच्या आठवड्यात अकरा लागली होती. बालशिक्षणाच्या पदविकेत असा काही प्रकार नव्हता. मी तसं त्यांना सांगितलंही.

दर शनिवारी ते प्रत्येक मुलाचं कार्ड घरी पाठवत. कारखान्यात प्रत्येक कामाचं असतं तसं. ते सांगत, मी लिहीत असे, कारण माझं अक्षर चांगलं होतं. एका मुलाच्या कार्डावर मी लिहिलेलं मला अजून आठवतं. सोमवार: मगातून बाटलीत पाणी ओतलं, सांडलं. मंगळवार: तेच, सांडलं. बुधवार: तेच, सांडलं नाही. गुरुवार: मुद्दाम सांडलं. त्याचे वडील अकाउंट्समध्ये होते. सोमवारी कार्ड घेऊन आले आणि हा कुठला विषय म्हणून विचारू लागले. साहेबांनी सांगितलं, हायड्रॉलिक्स. वडील समाधानानं परत गेले. टाउनशिपमध्ये इंग्रजी शब्दाला फार मान होता.

भंगारातून ते मोठाले नट-बोल्ट, कप्प्या, पाइपाचे तुकडे आणत. प्रत्येक वस्तूचा रीतसर गेटपास. आपल्या हातानं कडा घासून, तेल पुसून मग मुलांना देत. लेडीज क्लबात त्यावरून बोलणं सुरू झालं की इंजिनिअरांच्या मुलांना आतापासूनच फिटर बनवतायत. त्यावर उतारा म्हणून क्लबानं बालमंदिराला लाकडी ठोकळे भेट द्यायचं ठरवलं. ठेकेदार खोका घेऊन आला. साहेबांनी व्हर्नियर काढला. सबंध दुपार बसून त्यांनी एकेक ठोकळा मोजला आणि अर्ध्याहून अधिक बाजूला काढून त्यांच्यावर लाल फुली मारली. ठेकेदार हसायला लागला, म्हणाला, साब, बच्चों के खेलने के तो हैं. मीही म्हणाले की एवढं काय त्यात.

त्या दिवशी ते माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त बोलले. "बाई, मशीनले पार्ट बसला नाही, तर फिटर पार्टवर संशय घेते. पोराचा मनोरा पडला, तर ते पोरगं स्वतःवर संशय घेते. ठोकळ्यावर संशय घ्यायची अक्कल त्याले अजून आलेली नसते. म्हणून ठोकळा बरोबर पाहिजे."

ठोकळे परत गेले. क्लबाला आपली भेट परत आल्याचा जो राग आला, तो मात्र परत गेला नाही.

आता माझ्या मुलीविषयी सांगायला हवं. चिनू तेव्हा चार वर्षांची. बालमंदिरातच असायची, पण तिचं खरं शिक्षण मी घरी करून घेत होते. शंभरपर्यंत आकडे, तिन्ही भाषांची मुळाक्षरं, राज्यांच्या राजधान्या आणि दोन इंग्रजी कविता, हातवाऱ्यांसह. घरी पाहुणे आले की चहाच्या आधी चिनू. वाळूत ती जात नसे, फ्रॉक मळतो म्हणून. पाण्याकडे तर नाहीच. खिडकीपाशी हात मागे बांधून उभी राहायची आणि बाकीच्यांना बघायची. मला ते तिच्या वयाच्या मानानं फार शहाणपणाचं वाटे.

एकदा साहेब तिच्याकडे बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमची पोरगी चुकत नाही. काळजी घ्या." मी आठवडाभर ते कौतुक म्हणून सांगत फिरले.

त्याच वर्षी शहरातल्या एका नावाजलेल्या इंग्रजी शाळेत टाउनशिपची तीन मुलं मुलाखतीला नापास झाली. तीनही आमच्या बालमंदिरातली. त्यांतल्या एकाला सफरचंदाचं चित्र दाखवून रंग विचारला होता. तो म्हणाला, काटके दिखाओ, अंदर से सफेद होता है. या उत्तरानं कॉलनी हादरली. क्लबाच्या अध्यक्षा, म्हणजे ज्यांच्या यजमानांना नारळ परत न्यावा लागला होता त्या, त्यांना आम्ही मोठ्या मॅडम म्हणत असू, त्यांनी पालकांची बैठक बोलावली. बालमंदिरात बाकं यावीत, पाट्या याव्यात, रोज अभ्यास व्हावा आणि पर्यवेक्षक बदलावेत, असा अर्ज द्यायचं ठरलं. अर्ज इंग्रजीत हवा होता. मोठ्या मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या की आपकी राइटिंग बहुत सुंदर है.

मी लिहिला. त्यात 'वैज्ञानिक दृष्टिकोनाचा अभाव' असं लिहिलं होतं. पहिली सही माझी, कारण कागद माझ्याच हातात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बालमंदिरात गेले आणि साहेबांना नेहमीसारखा नमस्कार केला. त्यांनी नेहमीसारखा केला न केला.

अर्जावरून पाहणी लागली. प्रशासन अधिकारी, मोठ्या मॅडम आणि क्लबाच्या चार बायका. मी आदल्या दिवशी सतरंजी अंथरून घेतली, खुर्च्या मांडल्या, चिनूला पांढरे मोजे घातले आणि दोन्ही कविता चार वेळा म्हणून घेतल्या. साहेबांनी वेगळं काहीच केलं नाही. तो पाण्याचा दिवस होता, म्हणून त्यांनी व्हरांड्यात पत्र्याचं मोठं घंगाळ भरून ठेवलं आणि मुलं त्यात डबे बुडवत बसली.

मंडळी आली. घंगाळ, वाळू, बोल्ट बघून त्यांनी एकमेकींकडे अर्थपूर्ण पाहिलं. मग मी चिनूला पुढे केलं. तिनं एक अक्षर न चुकता सगळं म्हटलं. टाळ्या झाल्या. मोठ्या मॅडम म्हणाल्या की हे बघा, असं शिकवलं की मुलं शिकतात. मी साहेबांकडे पाहिलं. त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर काय असेल याची आज कल्पना करवत नाही.

प्रशासन अधिकारी चांगला माणूस होता. त्यांच्या खिशात गोळ्या होत्या. मूठ बंद करून त्यांनी चिनूसमोर धरली आणि लाडानं विचारलं, "बेटा, इसमें कितनी होंगी? अंदाज से बताओ."

चिनूनं माझ्याकडे पाहिलं. तिला शंभरपर्यंतचे सगळे आकडे येत होते. त्यातला एक, कुठलाही, म्हणायचा होता. पण अंदाज ही गोष्ट मी तिला शिकवली नव्हती, आणि उत्तर चुकलं तर पुढे काय होतं हे तिला माहीतच नव्हतं, कारण तशी वेळ मी कधी येऊ दिली नव्हती. अधिकारी म्हणाले, बोलो बेटा, कुछ भी बोलो. तिनं हात मागे बांधले. मी डोळ्यांनीच सांगत होते, बोल, पाच म्हण, सात म्हण. मग तिच्या एका पांढऱ्या मोज्यावर पिवळसर ओघळ उतरला आणि पायाखाली सतरंजी काळपट व्हायला लागली.

ती मोठ्या मॅडमच्या खुर्चीला लागून उभी होती. अजून कुणाची नजर खाली गेलेली दिसत नव्हती. मी उठू शकले असते. मी खुर्चीवर बसून राहिले.

व्हरांड्यातून साहेब आत आले. दोन्ही हातांत अर्धं भरलेलं घंगाळ, पाण्यावर डबे तरंगतायत. ते सरळ चिनूपर्यंत चालत आले आणि त्यांनी घंगाळ उलटं केलं. सगळं पाणी सतरंजीवर. खुर्च्यांखालून, अधिकाऱ्यांच्या बुटांतून, मोठ्या मॅडमच्या चंदेरी साडीला गुडघ्यापर्यंत. बायका ओरडत उठल्या. मागोमाग व्हरांड्यातली सगळी पोरं आत धावली आणि आयता आलेला पूर बघून त्यांनी त्यात बसकण मारली. चिनू कमरेपर्यंत भिजली होती, पण तिथे भिजलं नव्हतं कोण? आमची आया रामकली हिनं तिला उचललं, आत नेलं आणि दुसरा फ्रॉक घातला.

साहेब रिकामं घंगाळ धरून उभे होते. कुणीतरी विचारलं, ये क्या किया आपने? ते म्हणाले, "हाथ से छूट गया."

ज्या माणसानं तीस वर्षांत मापाचा एक गेज हातातून पडू दिला नव्हता, त्याचं म्हणणं कुणाला पटणार? पण मेमोला त्यांनी दिलेलं लेखी उत्तरही तेवढंच, तीन-चार शब्दांचं. त्याहून जास्त काही कागदावर नव्हतं, आणि कागदावर नाही ते कारखान्यात घडत नसे. आठ दिवसांत ऑर्डर आली. त्यांची बदली भंगाराच्या यार्डात झाली आणि बालमंदिराचा चार्ज माझ्याकडे आला. मला हेच हवं होतं, असं अर्जावरून तरी दिसत होतं.

चार्ज द्यायला ते आले तेव्हा यादी घेऊन आले होते. फावडी किती, डबे किती, बोल्ट किती. सगळं मोजून दिलं. मी म्हटलं, साहेब, तो अर्ज मी लिहिला होता.

"माहीत आहे," ते म्हणाले. "कॉपी आली होती मले. अक्षर ओळखलं. स्पेलिंगची एक चूक आहे त्यात, दुसऱ्या ओळीत."

मग यादीवर सही घेऊन त्यांनी विचारलं, पोरगी येते ना? मी सांगितलं की ती त्या दिवसापासून यायला नाही म्हणते. ते म्हणाले, येईल. आणि गेले. आभार मानायचे मला त्याच वेळी सुचले होते. पण आभार मानायचे म्हणजे कशाबद्दल ते बोलावं लागलं असतं.

पुढच्या आठवड्यात बाकं आली. छोटी, हिरवी, रांगेत. मी पोरांना त्यांच्यावर बसवलं आणि पाटीवर रेघा काढायला सांगितल्या. पोरं तशी समजूतदार; बसली. शांतता इतकी होती की बाहेरून जाणाऱ्या एकानं आज सुट्टी आहे का म्हणून विचारलं.

घरी चिनू कविता म्हणेनाशी झाली. पाहुण्यांसमोर नाही आणि एकटीही नाही. एक दिवस मी तिची वेणी घालत होते. ती आरशात न बघता म्हणाली, "आई, चाचांनी ते माझ्यासाठी सांडलं ना?"

मी हो म्हटलं.

"मग तू सगळ्यांना सांगितलं का नाहीस?"

मी वेणी पुरी केली आणि त्याच पावली मोठ्या मॅडमच्या बंगल्यावर गेले. त्या व्हरांड्यात मटार सोलत बसल्या होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, चिनूच्या मोज्यापासून. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. त्या सोलतच राहिल्या. म्हणाल्या, "मुझे मालूम है. मैं तो बगल में ही बैठी थी."

मी विचारलं की मग तुम्ही बोलला का नाहीत? साडीचं वाईट वाटलं म्हणून?

"साड़ी तो सूख गई," त्या म्हणाल्या. "माँ चुप बैठी थी. मैं क्या बोलती?" मग त्यांनी माझ्यापुढे मटाराची दुसरी परडी सरकवली आणि मला बसायला सांगितलं. थोड्या वेळानं म्हणाल्या की आप अर्जी अच्छी लिखती हैं, एक और लिख दीजिए.

त्या बाईविषयी माझी जी मतं होती, ती मला तिथे बसल्या बसल्या मटारासारखी सोलून टाकावी लागली.

मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात माझ्या मुलीनं सतरंजी ओली केल्याचं लिहिलं, मी ते बघून गप्प बसल्याचं लिहिलं, आणि पहिल्या अर्जातला माझा मजकूर मागे घेतला. मोठ्या मॅडमनी खाली सही केली. टाउनशिपमध्ये ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळली आणि महिनाभर बायका चिनूकडे कणवेनं आणि माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघत होत्या. चिनूला त्याचं काही नव्हतं. ती सोमवारी आपणहून बालमंदिरात आली. मी बाकं भिंतीला लावून आडवी केली होती. पोरांनी त्यांचं दुकान मांडलं होतं. ती आधी उभी राहिली, मग गिऱ्हाईक झाली, आणि दुपारी मी पाहिलं तर वाळूच्या हौद्यात बसून एका मुलाशी भांडत होती. मी घड्याळ काढलं नाही, पण मध्येही पडले नाही.

फाइल मात्र कारखान्याची. ती या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिली. कुणी शेरा मारला, कुणी शेऱ्यावर शेरा मारला. चिनू मोठ्या शाळेत गेली. त्या नावाजलेल्या नाही, टाउनशिपच्या साध्या शाळेत. साहेब यार्डात भंगार मोजत राहिले. ऐकलं की तिथेही त्यांनी काही भंगार रिजेक्ट केलं, भंगार म्हणण्याइतकं खराब नाही म्हणून. शेवटी ऑर्डर निघाली: सदर कर्मचाऱ्यास बालमंदिराच्या पर्यवेक्षकपदी पूर्ववत रुजू करून घ्यावे. ती ऑर्डर त्यांच्या निवृत्तीनंतर चौथ्या दिवशी पोचली.

ऑर्डर घेऊन ते कार्यालयात गेले. तिथे त्यांना सांगितलं की ऑर्डर बरोबर आहे, पण ती कर्मचाऱ्यासाठी आहे आणि आपण आता कर्मचारी नाही. ते म्हणाले, तीस-बत्तीस वर्षांत मनापासून पाळावी वाटली अशी ही पहिलीच ऑर्डर आहे. बाबूंनी सहानुभूती दाखवली आणि फाइल बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बालमंदिरात आले. बूट नव्हते, चपला होत्या. त्यांनी माझ्याकडे प्रवेशाचा फॉर्म मागितला. मला वाटलं नातवंड असेल. पण त्यांनी टेबलाशी उभं राहून फॉर्म भरला आणि माझ्यापुढे ठेवला. मुलाचे नाव: स्वतःचं. पालक: दोघेही कैलासवासी. आधीची शाळा: कारखाना.

मी म्हटलं, साहेब, हे कसं चालेल? त्यांनी फॉर्मच्या मागे छापलेल्या नियमांवर बोट ठेवलं. वय अडीच वर्षे पूर्ण असावे. "खालची लिमिट दिली आहे, बाई. वरची दिली नाही. मी मापात बसतो."

मी तो नियम तीनदा वाचला. खरंच नव्हती. इतक्या वर्षांत कुणाला द्यावीशी वाटली नव्हती. मी रजिस्टर उघडलं आणि शेवटच्या मुलाच्या नावाखाली त्यांचं नाव लिहिलं.

ते चपला काढून अंगणात गेले आणि हौद्याच्या काठावर उभे राहिले. तिथली सगळी मुलं त्या वर्षी नव्यानं आलेली. त्यांना कुणी ओळखत नव्हतं. एक तीनेक वर्षांची मुलगी वाळूत बोगदा खणत होती. तिनं मान वर करून त्यांना नीट पाहून घेतलं.

"नए हो?" तिनं विचारलं.

ते म्हणाले, हो.

"तो इधर बैठो. और अभी हाथ मत लगाना. पहले देखो."

ते बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि बघू लागले.